पांढरा दोरा, भाव चार

तीस वर्षांच्या धंद्यात माझ्या ताईनं कापडाच्या कात्रीनं कापड सोडून दुसरं काही कापलं ते एकदाच. इंटरनेटची तार कापली. आणि ती कापली तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला तिची मुलगी विहिरीजवळची जागा विकत घेत होती.

एवढं ऐकलं की लोक लगेच विचारतात, कागदपत्रं झाली होती का? म्हणून आधीच खुलासा करतो. विहीर गेममधली. जागाही गेममधली. हजारो माणसं आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढे बसून एकाच जगात हिंडतात, तलवारी परजतात, राक्षस मारतात, असा तो ऑनलाइन गेम. मी बसच्या वर्कशॉपात सुट्या भागांचा स्टोअरकीपर, आणि भाची माझ्याच तालमीत तयार झालेली. आम्ही दोघांनी तिथे सशापेक्षा मोठं काही मारलं नाही. आम्ही बाजारातली माणसं. राक्षस मारणाऱ्यांना दोरा, औषध, बाण, पाण्याची पखाल लागतेच. ते विकायला कुणीतरी बसायला हवं ना?

बसायचं म्हणजे शब्दशः बसायचं. तुमचं पात्र पेठेत जमिनीवर बैठक मारतं, पुढे माल मांडतं, डोक्यावर पाटी लागते. तासभर तुमचा हात हलला नाही तर गेम तुम्हाला बाहेर हाकलतो आणि जागा मोकळी होते. जागेला मालक नाही. जो बसला त्याची. त्यामुळे चांगली जागा विकत घ्यायची पद्धत अशी, की पैसे आधी मोजायचे, मग विकणारा उठणार आणि घेणाऱ्यानं त्याच क्षणी बसायचं. मधल्या श्वासात तिसरा कुणी बसला तर बसला. सगळा मामला विश्वासाचा आणि चपळाईचा.

पैसे मोजण्यासाठी एक खिडकी उघडते. या बाजूला तुमचा माल, त्या बाजूला त्याचा, खाली दोघांना एकेक ‘मान्य’चं बटण. दोघांनी दाबलं की व्यवहार पुरा. खिडकी उघडी असेतोवर दोघांपैकी कुणाला पाऊल हलवता येत नाही. लबाडी करून पळता येऊ नये म्हणून केलेली सोय.

तर, भाचीनं अकरा महिने साठवून विहिरीजवळच्या जागेचे पैसे औषधवाल्याला मोजले होते. तो उठला होता. आणि त्याच दिवशी ताई तिला जेवायला चार वेळा हाका मारून मोकळी झाली होती.

“खोटं दुकान, खोटी नाणी, आणि खऱ्या आईला उत्तर द्यायला तोंड नाही!” असं म्हणून ताईनं तार कापली. भाची चपला न घालता माझ्या घरापर्यंत धावत गेली आणि तिथून पुन्हा गेममध्ये शिरली, तोवर चाळीस मिनिटं झाली होती. विहिरीजवळ एक बाणवाला ऐसपैस बसला होता.

तारेच्या आत तांबं असतं. ताईच्या चांगल्या कात्रीच्या पात्याला दात पडला, बारीकशी खाच. भाची चौथ्या दिवशी बॅग भरून दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेली. दात मात्र घरीच राहिला. अजूनही कापड कापताना त्या ठिकाणी कात्री अडते, आणि अडली की ताई एक क्षण थांबते.

भाचीनं आईशी बोलणं टाकलं, ते समजू शकतो. माझ्याशीही टाकलं. कारण तार कापली तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो. आणि हसलो होतो.

दीड वर्ष असंच गेलं. मग एकदा मी पेठेत दोन बिजागऱ्या विकायला हिंडत होतो, तर विहिरीजवळ निळा झगा घालून ‘सुईदोरा’ बसलेली. भाचीचं गेममधलं नाव. आईच्या धंद्यातलंच नाव घेतलं होतं पोरीनं, कधी विचारलं नाही का ते. बाणवाल्याला उठवून तिनं जागा मिळवलीच होती.

ताईचं दुकान म्हणजे कपडे दुरुस्तीचं. पँटची उंची कमी करणे, कंबर सैल करणे, चेन बदलणे. मी तिथे जाऊन बातमी दिली. ताईनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

“दिसते?”

“तिचं पात्र दिसतं. चित्रासारखं.”

“काय घातलंय?”

“निळा झगा.”

“अंगाला नीट बसतो का?”

“ताई, ते चित्र आहे!”

“चित्राचा असला तरी झगा झगाच ना!”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर्कशॉपात माझ्या स्टोअरच्या खिडकीपुढे हजर. मागे दोन मेकॅनिक क्लच प्लेटसाठी खोळंबलेले. म्हणाली, “मला तो गेम शिकव. आणि तोंड आवर, हसलास तर बघ.”

शिकवलं. नाव काय घ्यायचं असं गेमनं विचारलं, तेव्हा तिनं बराच विचार करून लिहिलं: ‘गिऱ्हाईक’. मी म्हटलं, निदान जरा बरं नाव घे. तर म्हणाली, “तिच्याकडे जायचंय ना? मग मी तिची दुसरी कोण आहे आता?”

पहिल्या दिवशी गिऱ्हाईक सुईदोऱ्यापुढे अर्धा तास नुसतं उभं राहिलं. मग तिनं सगळ्यात स्वस्त वस्तू घेतली. पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ, भाव चार नाणी. विकत घेताना बोलावं लागत नाही. मालावर बोट ठेवायचं, झालं. विकणाऱ्याला चिठ्ठी जाते, अमक्यानं अमुक घेतलं.

त्यानंतर रोज. दुपारी दोन ते चार दुकानात वर्दळ नसते, त्या वेळात. इस्त्रीच्या टेबलाजवळ मी जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. नाणी मी देऊ केली तर फटकारली: “तुझ्या पैशानं माझ्या लेकीकडून माल घेऊ?” मग रोज शेतात जाऊन कापसाची दहा बोंडं वेचायची, ती पाच नाण्यांना विकायची, चारचा दोरा घ्यायचा. एक नाणं रोजचा नफा. त्या नफ्यातून तिनं माझ्याचकडून एक मोठी पिशवी घेतली, कारण रिळं मावेनात. तिच्या पात्राला शिवता येत नव्हतं. दोऱ्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

“काय करणार आहेस एवढ्या दोऱ्याचं?” मी विचारायचो.

“ठेवलाय,” ती म्हणायची. जणू बँकेत ठेवलाय.

बोलायची मात्र नाही. मी म्हणायचो, एक शब्द लिही. निदान ‘कशी आहेस’ लिही. ती म्हणायची, “आणि तिनं दुकान आवरून घेतलं तर?” सोळा महिने या एका भीतीवर गेले.

मग मागच्या महिन्यात गेमवाल्या कंपनीनं जाहीर केलं, की महिनाअखेर, बुधवारी दुपारी चार वाजता पेठ कायमची बंद. त्या जागी विक्रीगृह. माल तिथल्या फळीवर ठेवायचा, घेणाऱ्याला सगळ्यात स्वस्त माल आधी दिसेल. विकणाऱ्याचं नाव दिसणार नाही, घेणाऱ्याचंही नाही. पेठेत एकच बोंबाबोंब. पखालवाला म्हणाला, आता मी आणि फळीवरचं मडकं यात फरक काय उरला? बाणवाला म्हणाला, तुझ्यापेक्षा मडकं बरं, ते गळत नाही. हिशेबाच्या दृष्टीनं बघितलं तर कंपनीचं बरोबर होतं. तासन् तास हिंडून भाव विचारायचे, हा वेळेचा अपव्ययच. पण नाव गेलं म्हणजे ताईचं काय गेलं, ते मला लगेच कळलं.

“नाव दिसणार नाही म्हणजे?” ताईनं विचारलं. “मग कुणाचा दोरा घेतेय ते कसं कळणार?”

“नाही कळणार.”

ती मशीनवर वाकली. बराच वेळ एकाच शिवणीवर पुन्हा पुन्हा मशीन फिरवत राहिली.

मला एक खोड आहे. बाजारभाव वहीत टिपून ठेवायचे. वर्कशॉपात बोल्ट मोजून मोजून लागलेली. पेठेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी रजा होती, म्हणून वही घेऊन पेठेत चक्कर मारली, शेवटचे भाव टिपून ठेवावेत म्हणून. सुईदोऱ्याच्या दुकानापुढे आलो आणि थबकलो. झगा एकोणपन्नास. टोपी नव्व्याण्णव. पांढरा दोरा नऊ.

आता, माझी भाची नवानं संपणारा भाव मेली तरी लावणार नाही. तिला मी शिकवलंय. पन्नास तर पन्नास, शंभर तर शंभर, गिऱ्हाइकाला वेडं समजायचं नाही. वही चाळली. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत सगळे भाव गोल. त्यानंतर सगळीकडे नऊ. आणि दोरा? सगळ्या पेठेत दोरा आता अकराला गेला होता, आणि इथे तो नऊला होता. पण ताई तर कालच चारला घेऊन आली होती! मी स्वतः तिच्या मागे उभा होतो. चारच लिहिलं होतं.

एका दुकानात दोन हात दिसले की स्टोअरकीपर झोपत नाही. मी सरळ टाइप केलं. माझं गेममधलं नाव ‘तराजू’.

“दोरा नऊ कसा हो? काल चार होता.”

उत्तर यायला वेळ लागला नाही.

“तुम्ही तराजू ना? तुम्हाला नऊच. तसं लिहून दिलंय.”

“कुणी?”

“जिच्याकडून मी हे अकाउंट घेतलं तिनं. तुम्ही तिचे मामा.”

मी खुर्चीत मागे टेकलो. अकाउंट विकणं गेमच्या नियमात बसत नाही, पण सर्रास चालतं. नाव, झगा, माल, जागा, सगळ्यासकट विकायचं. पैसे खरे.

हा माणूस म्हणजे एका मोठ्या इमारतीतला लिफ्ट मेकॅनिक. तळघरात बसून बावीस लिफ्टचे दिवे बघायचं काम. एखादी अडकली की धावायचं, नाहीतर दिवसभर गेम. मोकळ्या मनाचा निघाला. गेले आठ महिने सुईदोरा तोच होता.

“तिनं विकलं का?” मी विचारलं.

“तिची कामाची पाळी बदलली. दुपारी एक ते नऊ लागली. दुपारी दुकान उघडं ठेवता येईना. मला म्हणाली, तुम्ही दुपारी बसता ना नक्की? तीनदा विचारलं. दुसरा एक जण दुप्पट द्यायला तयार होता राव, पण तो रात्रीचा खेळणारा. मला अर्ध्या भावात दिलं.”

“आणि चारचा दोरा?”

“ती अट आहे. थांबा, तिनं लिहिलेलंच पाठवतो.”

त्यानं पाठवलं. मी ते वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं आणि तसाच ताईकडे गेलो. जाताना दोनदा परत फिरलो. सांगावं की नाही? तिचे सोळा महिने होते त्यात, आणि त्यातले आठ एका लिफ्टवाल्याकडे गेले होते. पण पेठ बंद व्हायला पाच दिवस उरलेले. न सांगावं तर ती शेवटच्या दिवशी त्या लिफ्टवाल्यापुढे जाऊन काही बोलून बसायची.

ताई काळ्या पँटची चेन उसवत होती. मी सांगितलं.

“म्हणजे आठ महिने मी त्या लिफ्टवाल्यापुढे उभी राहत होते?”

“हो.”

“केस नीट करून बसायचे रे मी!”

मला हसू आलं. या खेपेला गिळलं. वही उघडली आणि वाचून दाखवलं:

“सोमवार सोडून रोज दुपारी दोननंतर ‘गिऱ्हाईक’ नावाची एक बाई येईल. सोमवारी तिचं दुकान बंद असतं. ती पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ घेईल. तिला भाव चारच, बाजार कुठेही जाऊ दे. ती वळणावर दिसली की भाव उतरवायचा, गेली की परत चढवायचा. तिला उशीर झाला तरी दुकान उघडं ठेवायचं. तराजू आला तर तो मामा, त्याला नऊ. तिच्याशी बोलायचं नाही. मला कळलंय हे तिला कळलं, तर ती यायची बंद होईल.”

इस्त्रीतून वाफ सुटली. ताईनं बटण बंद केलं.

“शेवटचं परत वाच.”

वाचलं.

“अजून एकदा.”

वाचलं. ताई हातातल्या चेनचा सरकता खटका वर नेत होती, खाली आणत होती.

“आम्ही दोघी एकीला एक आहोत,” ती शेवटी म्हणाली. “मी म्हणत होते ती दुकान आवरेल. ती म्हणत होती मी यायची नाही.” मग एकदम व्यवहाराला आली. “बोलायचं नाही म्हटलंय ना तिनं? मग नाही बोलायचं. पण त्या लिफ्टवाल्याला विचार, शेवटच्या दिवशी मला त्या जागेवर बसू देईल का. मी तिथून तिला उठवलं होतं.”

“बसायला तरी कुठे दिलं होतंस?” मी म्हटलं.

“तेच ते. वकिली करू नकोस.”

लिफ्टवाल्याला जागेचा भाव विचारला, तर म्हणाला, “शेवटच्या दिवशी जागेला कसला भाव साहेब? उठतो मी.” मग थोड्या वेळानं परत आला आणि लिहिलं, “तिचा पत्ता-बित्ता द्यायची मला परवानगी नाही. पण ‘बुधवारी गिऱ्हाईक स्वतः विहिरीपाशी बसणार आहे’ एवढा निरोप मी टाकतो. अट मोडते, पण चार दिवसांसाठी कोण विचारणार?”

बुधवारी ताईनं दीडलाच दाराला ‘थोड्या वेळात येते’ची पाटी लावली. आत आम्ही दोघं. काळी पँट नव्या चेनसह टेबलावर तशीच, तिची मालकीण चारनंतर येणार होती. मी भिंतीजवळ स्टूल घेऊन बसलो आणि इंटरनेटच्या तारेवर हात ठेवला. ताईनं बघितलं.

“आता कोण कापणार आहे?”

“भरवसा नाही,” मी म्हटलं.

दोन वाजता लिफ्टवाल्यानं लिहिलं, “तीन म्हणालो की उठतो.” ताईनं माउस असा धरला, जशी सुरी धरावी. “एक. दोन. तीन.” निळा झगा उठला. ताईनं बटण दाबलं, आणि घाईत टेबलाखालचं मशीनचं पायपेडलही दाबलं. मशीन घरघरत सुटलं, दोघंही दचकलो. पण गिऱ्हाईक बसलं होतं! विहिरीजवळ, बरोबर जागेवर. तिच्या डोक्यावर पाटी लागली, तिनं स्वतः लिहिलेली: “पांढरा दोरा. भाव चार.” मालात चारशे अकरा रिळं.

इथे माझी अक्कल कशी गहाण पडली, ते मला अजून कळलेलं नाही. आयुष्यभर भाव टिपणारा माणूस मी. सगळ्या पेठेत दोरा अकरा, उद्या विक्रीगृह उघडणार, आणि आम्ही भर चौकात चारला मांडून बसलो! पहिला बाणवाला आला. त्यानं पन्नास उचलली. मग पखालवाला, साठ. मग कुठून कुठून, ज्यांची नावंही कधी वाचली नव्हती असे.

“अरे, हे कोण? थांबव त्यांना!”

“कसं थांबवू? विक्रीला मांडलंयस तू.”

“भाव वाढव मग! शंभर कर!”

“बसल्या जागी भाव बदलायची सोय जुन्या दुकानदारांनाच. तुला दुकान आवरावं लागेल. आवरलं की जागा गेली.”

आणि माल संपला की दुकान आपोआप आवरतं, पात्र उठून उभं राहतं, हेही मला तेव्हाच सांगावं लागलं. ताईनं माझ्याकडे बघितलं ते बघणं मी विसरणार नाही. अडीचला दोनशे तीस उरली. तीनला नव्वद. सोळा महिन्यांची रिळं, एकेक करून आणलेली, डोळ्यांदेखत जात होती, आणि जिच्यासाठी मांडली तिचा पत्ता नव्हता. आकडा उतरला की ताईचे ओठ हलायचे, एवढंच.

साडेतीनला चौदा. तीन चाळीसला पाच. मग तीन. मग दोन.

बाणवाला परत येताना दिसला. कोपऱ्यावरून वळला.

त्याच्याआधी विहिरीमागून एक पात्र आलं. नवंकोरं. अंगात गोणपाटाचे फाटके कपडे, जे गेम पहिल्या दिवशी सगळ्यांना देतो. पायात काही नाही. हातात काठी. असल्या नव्याकडे गेमनं दिलेली दहा नाणी असतात, जास्त नाही. ते पात्र सरळ आमच्यापुढे येऊन उभं राहिलं, आणि ताईनं डोक्यावरचं नाव वाचलं.

‘कात्री’.

ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की कसला, मी सांगू शकत नाही. तिनं पदरानं तोंड झाकलं, पण डोळे पडद्यावरून हलवले नाहीत.

कात्रीनं दोन्ही रिळं घेतली. आठ नाणी. बाणवाला हात हलवत उभा राहिला. माल संपला, पाटी उतरली, आणि गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. दोघी समोरासमोर. एक गोणपाटात, एक सोळा महिने कापूस वेचून मळलेल्या झग्यात.

“आता काय करू?” ताई कुजबुजली. जणू कुणी ऐकेल.

करायची वेळच आली नाही. खिडकी उघडली. देवाणघेवाणीची खिडकी, कात्रीनं मागितलेली. तिच्या बाजूला एक रीळ आलं. दोनातलं एक.

“आपल्या बाजूला काय ठेवू?”

“पैसे आहेत ना, सोळाशे चव्वेचाळीस. ठेव की.”

“लेकीला पैसे ठेवू?” ताईनं पिशवी उघडली. सकाळी वेचलेली दहा बोंडं होती, आज विकायची राहिलेली. तिनं त्यातलं एक उचलून खिडकीत ठेवलं. नीट मध्यभागी.

पडद्यावर वर घड्याळ चालू झालं. पेठ बंद व्हायला नऊ मिनिटं. कंपनीची सूचना, सगळ्यांनी माल आवरावा.

“मान्य दाबू?”

“दाबलंस आणि तिनंही दाबलं, की व्यवहार पुरा. खिडकी बंद.”

“आणि नाही दाबलं तर?”

“तर दोघीही जागच्या हलू शकत नाहीत.”

ताईनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

पलीकडच्या बाजूलाही ‘मान्य’ लागलं नाही. आठ मिनिटं. एकीनं रीळ ठेवलेलं, एकीनं बोंड, आणि दोघींनी बटणाला हात लावला नाही. आजूबाजूला पेठ आवरत होती. पखालवाला सगळ्यांना पाणी फुकट वाटत सुटला होता. लिफ्टवाला निळ्या झग्यात लांब विहिरीच्या पायरीवर पाठ करून बसला होता, भल्या माणसासारखा. सात मिनिटं. मी तारेवरचा हात काढला नव्हता. हाताला मुंग्या आल्या तरी काढला नाही. मला वाटलं, लिहावं काहीतरी, चॅटमध्ये. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या हसण्याचं एक वाक्य देणं होतं. पण हा त्यांचा व्यवहार होता.

दोन मिनिटं उरली तेव्हा ताई पडद्याजवळ सरकली. बोटानं त्या गोणपाटाच्या खांद्याला हात लावला, काचेवरून. “इथे उसवलंय बघ,” म्हणाली.

चार वाजले. पडदा काळा झाला. पेठ संपली. या खेपेला तार कुणी कापली नव्हती.

ताई तशीच बसून राहिली. पडद्यात तिचाच चेहरा दिसत होता.

“तिनं नाही ना दाबलं?”

“नाही.”

“मीही नाही.” तिनं मान हलवली. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती माझ्याकडे वळली. “आज वार कोणता?”

“बुधवार.”

“तिची पाळी दुपारी एकला लागते ना? असं तो लिफ्टवाला म्हणाला होता ना?”

“हो.”

“म्हणजे तिनं रजा टाकली.” ताईनं ते दोनदा म्हटलं. “दोन रिळांसाठी रजा टाकली रे तिनं.”

हिशेब तिचा तिनं मांडला होता, आणि बरोबर होता.

“म्हणजे आत्ता ती घरीच असणार,” ताई म्हणाली. टेबलावरचा मोबाइल तिनं उचलला, पालथा ठेवला, परत उचलला. “नंबर तोच असेल का?”

“लावून बघ.”

“थांब. आधी या बाईची पँट देते. आलीच असेल ती. दोन टाके राहिलेत.”

दार उघडलं, काळ्या पँटची मालकीण आत आली. ताईनं टाके घातले, घडी घातली, कागदात गुंडाळून दिली, पैसे घेतले, सुटे परत दिले. बाई दारापर्यंत गेली आणि परत आली. घडी उलगडून टेबलावर ठेवली.

काळ्या पँटच्या काळ्या चेनला, नेमकं पुढच्या बाजूला, ताईनं पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातले होते.

“अगं बाई,” ताई म्हणाली. तीस वर्षांत तिच्या हातून असं झालं नव्हतं. तिनं पँट माझ्या हातात दिली, उसवायची पिन दिली, आणि बाईला म्हणाली, “बसा पाच मिनिटं, हा माझा भाऊ उसवून देतो. मला एक फोन करायचाय.”

मी उसवायला लागलो. ताई मागच्या खोलीत गेली. पडदा सारताना तिचा हात एकदा अडला, जसा कात्रीचा अडतो तसा. मग फोनची रिंग जाताना ऐकू आली, एक, दोन, आणि मी टाके मोजायचे थांबवले.